पाण्यामागची वाट

१

सकाळी फाटक उघडण्याआधी दोघं वर जायचे. पुढे वाटाड्या, मागे शेपूट.

शेपूट हे काही त्या माणसाचं खरं नाव नव्हे. पण पाहुण्यांची रांग पाण्यामागून नेताना तो नेहमी सगळ्यात शेवटी चालायचा, म्हणून उद्यानातल्या कुणीतरी गमतीनं त्याला शेपूट म्हटलं, आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. अंगानं दांडगा, आवाजानं खणखणीत, आणि एकदा तोंड सुटलं की आवरायची सोय नाही. वाटाड्या अगदी उलटा. बोलण्याआधी शब्द तोंडात घोळवायचा, आणि बऱ्याचदा तसाच गिळून टाकायचा.

"दादा, तुमच्यापेक्षा हा खडक जास्त बोलतो," शेपूट म्हणायचा.

"मग त्याच्याशी बोल," वाटाड्या म्हणायचा, आणि दोघं हसत पायऱ्या चढायचे.

पायवाट झाडीतून वर जाते, लाकडी पूल ओलांडते आणि धबधब्यासमोरच्या मोकळ्या जागेत संपते. तिथं बाक आहेत, कठडा आहे. बहुतेक लोक तिथंच थांबतात, फोटो काढतात, तुषारांनी ओले होतात आणि खाली उतरतात. पण ज्यांची हौस दांडगी, त्यांच्यासाठी पाण्यामागची वाट आहे. वरून पडणारं पाणी कड्याला न चिकटता थोडं पुढे झेप घेऊन कोसळतं, आणि त्या पाण्याच्या आणि कड्याच्या मधे एक अरुंद पट्टा राहतो. एका बाजूनं आत शिरायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. एका हाताला ओला कातळ आणि त्यात ठोकलेली साखळी, दुसऱ्या हाताला पाण्याची भिंत.

आत गेलं की कान असून नसल्यासारखे. शेजारचा माणूस कानाशी तोंड लावून ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून आत काम करणाऱ्यांनी हातांनी बोलायची पद्धत काढली होती. वाटाड्याला ती त्याच्या आधीच्या वाटाड्यानं शिकवली. मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. एक थाप म्हणजे चल. दोन थापा म्हणजे थांब. बोटं हलकीच दाबली की, ठीक आहे, मी आहे. शेवाळ खरवडताना, साखळीचे खिळे तपासताना दोघं असंच बोलायचे.

आणि आणखी एक नियम. मागे वळून पाहायचं नाही. ओल्या दगडावर मान वळली की कंबर वळते, कंबर वळली की पाय सुटतो. कोरडा दगड पायाखाली येईपर्यंत नजर पुढे.

पाहुण्यांना एवढं काही सांगत नसत. त्यांना फक्त सांगायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि वळू नका. थापांचं त्यांना मुद्दामच शिकवायचं नाही. कुणीतरी थट्टेत थापटायचं आणि अख्खी रांग मधेच थबकायची.

वाटाड्याच्या घरात मात्र थापा सगळ्यांना कळायच्या. बायको चुलीपाशी उभी असली आणि मागून त्याला जायचं असलं तर तो तिच्या खांद्यावर दोन थापा मारायचा, ती थांबायची. लेक लहान असताना अंधाराला फार भ्यायची. रात्री पाणी प्यायला उठली की बापाला उठवायची, आणि मग तो पुढे आणि ती मागे, त्याच्या पाठीवर कसाबसा हात टेकवून, अशी वरात स्वयंपाकघरापर्यंत जायची. एक थाप, चल. बोटं दाबली, मी आहे. घरात धबधबा नव्हता, पण सवय होती.

२

त्या दिवशी रांगेत वाटाड्याच्या लगेच मागे एक जाडजूड गृहस्थ होता. किराणा दुकानदार असल्याचं त्यानं चढताना दोनदा सांगितलं होतं. त्याचा हात खांद्यावर पडला तेव्हा वाटाड्याला पिशवी ठेवल्यासारखं वाटलं. गरम, जड, घामट हात. उद्यानाच्या पिवळ्या रबरी रेनकोटातूनसुद्धा त्याची ऊब लागत होती.

आत शिरले. उजेड हिरवट झाला, मग करडा. पट्ट्याच्या मधोमध एक वळण आहे. तिथं कातळ पोटासारखा पुढे आलेला आहे आणि अंग आडवं करून सरकावं लागतं. वाटाड्या सरकला, पुढे झाला, आणि खांद्यावरचा हात पुन्हा जागेवर आला.

पण हलका.

वाटाड्यानं दोन पावलं टाकली. हात लहान होता. बोटं बारीक, आणि अंगठा मानेच्या हाडापाशी टेकलेला. थंडगार. दुकानदाराची पिशवी कुठं गेली?

घाबरला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. घाबरला की माणूस नुसती बोटं टेकवतो. तो थोडा थांबला, मागच्याला दम खाऊ द्यावा म्हणून.

खांद्यावर एक थाप पडली. चल.

वाटाड्या चालू लागला. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चल म्हटलं गेलं, आणि म्हणणाऱ्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

पुढे उजेड फाकायला लागला तसा हात उचलला गेला. कोरड्या दगडावर येऊन वाटाड्यानं मागे पाहिलं. दुकानदार बाहेर पडत होता, चेहरा पांढराफटक, आणि दोन्ही मुठींत साखळी घट्ट धरलेली.

"माफ करा हं काका," तो हातवारे करत ओरडला. "त्या वळणावर तुमचा खांदा सोडला तो सोडलाच मी! म्हटलं, माणसापेक्षा लोखंड बरं!"

मागची मंडळी हसली. सगळ्यात शेवटी शेपूट आला, खाली मान घालून, पायांकडे बघत.

३

"वरून थेंब पडतात," वाटाड्या बायकोला म्हणाला. "छतातून. जाड थेंब पडला की थाप पडल्यासारखंच वाटतं."

"मग झालं तर," बायको म्हणाली. ती त्याच्या खांद्याला मलम चोळत होती. त्यांचं अख्खं घर फाटकाच्या आतच होतं. दोन खोल्या, एक खिडकी झाडीकडे, आणि भिंतीला कायम ओल. इथून धबधबा दिसत नाही, पण ऐकू येतो. इतक्या वर्षांत तो ऐकू येणंसुद्धा थांबलं होतं.

"पण थेंब अंगठा कसा टेकवेल?"

बायको थांबली. "कुठं टेकवतो?"

"तू ठेव हात. थोडा खाली. नाही, तुझा मोठा आहे. हं, अंगठा तिथं."

"माझा मोठा आहे का?" ती म्हणाली. "अहो, एवढ्या वर्षांनी सवत आणली ती पण पाण्यामागून? नाव तरी सांगा बाईचं."

तो हसला. ती पण हसली. मग तिनं हात काढून घेतला, मलमाची डबी बंद केली, आणि ती बंद झाली आहे की नाही ते उगाच परत पाहिलं.

"शेपटाला विचारा," ती म्हणाली. "तो मागे असतो. त्याला दिसत असेल."

४

त्यानं विचारलं. सकाळी, बाकावर बसून दोघं तारेच्या ब्रशांतलं शेवाळ काढत होते तेव्हा.

"मागून रांग कशी दिसते रे तुला?"

"कशी म्हणजे? पिवळी."

"नीट दिसते? पुढपर्यंत?"

शेपूट ब्रश आपटत राहिला. एरवी एवढ्या प्रश्नावर त्यानं तासभर खाल्ला असता.

"दादा, मी आत मान वर करत नाही," तो शेवटी म्हणाला.

"कधीपासून?"

"आहे सवय. पायाकडे बघतो मी. पाय बघितले की बरं असतं." मग एकदम उठला. "चला, साखळीचा तो खिळा सैल झालाय, तो बघू."

यापेक्षा जास्त काही तो बोलला नाही, आणि शेपूट बोलत नाही हीच गोष्ट वाटाड्याला खांद्यावरच्या हातापेक्षा जास्त लागली.

त्यानंतर रोज तेच. मागे कुणीही असो, शाळेतली मास्तरीण असो, नवरानवरी असोत, वळणापर्यंत हात त्यांचा असायचा. मऊ, खरखरीत, अंगठीवाला, थरथरता. वळणापुढे मात्र तोच एक. लहान, थंड, अंगठा हाडापाशी.

वाटाड्यानं आपल्या परीनं विचार करून पाहिला. तो शिकलेला नव्हता, पण भोळाही नव्हता. खांदा बधिर होत असेल. वय झालं. थंड पाण्यात सगळेच हात सारखे होतात. ही सगळी कारणं त्याला बाकावर बसून पटायची. वळण आलं की पटायची नाहीत.

एकदा त्यानं धीर केला. वळणापुढे आल्यावर आपला हात वर नेऊन त्या बोटांवर हलकेच दोन थापा दिल्या. थांब.

ते थांबलं. खांद्यावर ओढ बसली आणि त्यालाही थांबावं लागलं. पाणी शेजारून कोसळत होतं. तो पुढे बघत उभा राहिला. मग एक थाप दिली. चल. आणि चालायला लागण्याआधी बोटं त्याच्या खांद्यात हलकीच दाबली गेली. ठीक आहे. मी आहे.

बाहेर येऊन तो बाकावर बराच वेळ बसून राहिला. आम्ही रोज सकाळी इथं असंच बोलत आलो, तो विचार करत होता. माझ्या आधीचा वाटाड्याही बोलत आला. कुणी शेजारी उभं राहून रोज बघत असेल, तर शिकणारच की. लहान पोर घरात बघून बघून शिकतं तसं.

एका गोष्टीचा मात्र त्याला आधार होता. बाहेरचा उजेड आला की हात उचलला जायचा. रोज. न चुकता. त्या उजेडाच्या पलीकडे ते यायचं नाही. आणि आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आला होता. त्यानं स्वतःची समजूत घातली, की ते आत आहे, आपण वरचेवर आत जातो, शेजारी म्हणून राहू. आता थोडेच दिवस. या मोसमानंतर पाण्यामागची वाट बंद होणार होती. समोर नवा सज्जा बांधायचं ठरलं होतं, तिथून लोक कोरड्या अंगानं पाहतील. हे ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं. वाटाड्यालाही वाटलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

५

मग लेक आली.

ती दूरच्या शहरात नर्स होती. आता नवऱ्याबरोबर त्याहून दूर, समुद्रापलीकडे जाणार होती. कधी परत येणं होईल ते तिलाच ठाऊक नव्हतं. चार दिवसांसाठी आली आणि आल्या दिवशीच म्हणाली, "बाबा, उद्या मला पाण्यामागून न्यायचं."

"शेवाळ फार झालंय," वाटाड्या म्हणाला.

"मग रोज खरवडता काय? नखं?"

"दगड सैल आहेत."

"काल त्या ओढ्याकडच्या शाळेची अख्खी सहल नेलीत. आई सांगत होती."

वाटाड्यानं बायकोकडे पाहिलं. बायको भांडी घासत होती, पाठमोरी.

"लहानपणी म्हणायचात, मोठी झाल्यावर," लेक म्हणाली. ती हसत होती, पण हसू डोळ्यांपर्यंत पोहोचत नव्हतं. "मोठी झाले तर म्हणालात, परीक्षा झाल्यावर. मग नोकरी लागली. जगातल्या ऐऱ्यागैऱ्या माणसांना खांदा दिलात, बाबा. पोटची पोर तेवढी कठड्यापाशी उभी. मी तिकडं जाऊन काय सांगू? माझा बाप धबधब्यातून लोकांना न्यायचा, मी फोटोत पाहिलंय?"

"न्या हो तिला," बायको वळली. "एवढं काय! पोर चाललीय सातासमुद्रापार."

"तुला माहीत आहे," तो बायकोला हळूच म्हणाला.

"काय माहीत आहे? थेंब पडतात हे?" बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता की विनवणी, ते त्याला कळलं नाही. "तुम्हीच म्हणालात ना थेंब म्हणून?"

त्याला सांगता आलं असतं. तोंडात शब्द घोळवत तो बसला. काय सांगायचं? आत एक हात आहे, त्याला आपली घरातली भाषा येते? पोर नर्स होती. तिनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं असतं, आणि मग बाप भ्रमिष्ट झाला ही काळजी घेऊन विमानात बसली असती.

लेक मागून आली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक थाप दिली. चल. मग बोटं दाबली. तिचा हात गरम होता, जरासा औषधी वासाचा, रोज पन्नास माणसांच्या नाड्या धरणारा.

"चला ना, बाबा."

"उद्या दुपारी," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. रांग नसते तेव्हा."

त्या रात्री त्यानं नीट विचार केला. ते नेहमी त्याच्या मागून यायचं. तो आणि त्याच्या मागचा माणूस, यांच्या मधे शिरायचं. मग मागे कुणी ठेवायचंच नाही. लेक पुढे चालेल, तो मागे. त्याचा हात तिच्या खांद्यावर, आणि तो हात तो उचलणार नाही. मधे जागाच राहणार नाही. शिरायचंच झालं तर त्याच्या मागे शिरेल. शिरू दे. त्याची आता ओळख होती.

६

शेपटाला त्यानं आत शिरायच्या तोंडाशी उभं केलं. "कुणाला येऊ देऊ नको."

"मी येतो ना मागे," शेपूट म्हणाला.

"नको."

"वहिनींनी मला सांगितलंय, सोडू नको म्हणून."

"ती काय, काहीही सांगते," वाटाड्या म्हणाला, आणि लेकीच्या रेनकोटाची टोपी नीट केली, हनुवटीखालचं बटण लावलं. लहानपणी लावायचा तसं. "नजर पुढे. साखळी धरून. काही झालं तरी मागे वळायचं नाही. कोरडा दगड लागेपर्यंत. मी मागे आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पाळण्यातच शिकवलंत."

ती आत शिरली. तो तिच्या मागे. उजवा हात तिच्या खांद्यावर, डावा साखळीवर. रबरातून तिच्या अंगाची ऊब लागत होती. तिनं चालता चालता मान थोडी वर केली, पाण्याच्या भिंतीकडे, आणि तिच्या खांद्यांवरून त्याला कळलं की ती हसते आहे, बहुतेक ओरडतेही आहे आनंदानं. उगाच इतकी वर्षं थांबवलं हिला.

त्याच्या स्वतःच्या खांद्यावर काही नव्हतं. तो दर पावलाला वाट बघत होता. काही नव्हतं.

वळण आलं. कातळाचं पोट. ती आडवी झाली, सरकली. आता त्याची पाळी. आणि इथं त्याला एक गोष्ट कळली, जी पुढे असताना कधी लक्षातच आली नव्हती. मागच्याला इथं खांदा सोडावाच लागतो. पोटाला वळसा घालायला दोन्ही हात साखळीला लागतात. पापणी लवेपर्यंतच. त्यानं हात सोडला, सरकला, आणि लगेच पुढे हात टाकला.

खांदा होता.

त्यानं श्वास सोडला. बोटं दाबली. मी आहे. चालू लागला.

थंड झाली पोर, त्याला वाटलं. पाण्याचे तुषार इथं जास्त आहेत. रबर थंड पडतं. दहाएक पावलं तो असाच चालला. तिचा खांदा त्याला जरा खाली वाटला. वाकून चालत असेल. त्यानं तिला वाकायला शिकवलं नव्हतं.

पुढे एके ठिकाणी वरच्या कड्याचा दगड पाण्याला दुभंगतो आणि पडद्याला चीर पडते. तिथून दिवसाचा उजेड आत येतो, खिडकीतून यावा तसा. त्या उजेडात त्याला लेक दिसली.

ती पुढे होती. बरीच पुढे, बाहेरच्या तोंडापाशी. पिवळा रेनकोट, पिवळी टोपी, दोन्ही हात साखळीवर, नजर पुढे. एकटी.

वाटाड्यानं खाली पाहिलं नाही. फक्त स्वतःचा हात पाहिला, मनगटापासून बोटांपर्यंत. शेवाळानं हिरवी झालेली नखं, लहानपणी कापलेल्या बोटाचा व्रण. सगळं त्याचंच. बोटांखाली मात्र पिवळं काही नव्हतं. ओल्या कातळाच्या रंगाचं काहीतरी होतं, आणि ते श्वास घेतल्यासारखं हलत होतं.

मग ते उजेडाच्या पट्ट्यातून पुढच्या अंधारात गेलं, आणि त्याच्याबरोबर हातही.

त्यानं दोन थापा दिल्या.

ते थांबलं.

तो तसाच उभा राहिला. हात हलू दिला नाही. डोकं मात्र आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. हे ऐकतं. थांब म्हटलं की थांबतं. आपण हात ठेवून उभं राहायचं, बस. संध्याकाळपर्यंत राहू. मोसम संपेपर्यंत राहू. पोर बाहेर जाईल, पायऱ्या उतरेल, आईपाशी पोहोचेल. पुढे लेकीच्या पायाखाली उजेड आला. ती कोरड्या दगडावर उभी राहिली. सुटली. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. खाली जा बाळा, तो मनात म्हणाला. वळू नको. तशीच खाली जा.

पण नियम कोरड्या दगडापर्यंतचाच होता. ती वळली.

तिनं आत पाहिलं. भर उन्हातून आत बघणाऱ्याला काय दिसणार? तिनं कपाळावर हात धरला, वाट पाहिली. मग तिचे ओठ हलले. बाबा. मग पुन्हा. आणि मग ती आत आली. म्हातारा मधेच अडकला, पाय घसरला, दम लागला, असं काहीतरी तिला वाटलं असणार. भीती तिच्या चालण्यात नव्हतीच. वॉर्डात रोग्याकडे जावं तशी ती आली, एक हात साखळीवर, दुसरा पुढे अंधारात चाचपडत.

वाटाड्या ओरडला. छाती फाटेस्तोवर ओरडला. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानांनासुद्धा पोहोचला नाही. त्यानं दुसरा हात हलवला, जा, जा, असा. ती उजेडातून आलेली, तिला समोर एक आकृती तेवढी दिसत असावी. तिचा चाचपडणारा हात पुढे आला आणि खांद्यावर टेकला. त्याच्या नव्हे. दोघांच्या मधल्याच्या.

तिनं बोटं दाबली. मी आहे.

मग ती वळली, पाठ करून उभी राहिली, मागे हात करून तिनं त्या मधल्याचा हात हातात घेतला. थंड लागला असेल तिला. तिनं तो क्षणभर चोळला, ऊब यावी म्हणून. मग उचलून स्वतःच्या खांद्यावर नीट ठेवला, आणि त्यावर एक थाप दिली.

चल.

वाटाड्याच्या बोटांखालून खांदा निघून गेला.

त्यानं झेप घेतली. म्हणजे घेणार होता. पाय उचलला होता, हात लांब झाला होता, एवढंसंच अंतर होतं. तेवढ्यात मागून, त्याच्या खांद्यावर, मानेच्या हाडापाशी, तशाच लहान, थंड बोटांच्या दोन थापा पडल्या.

पाय थांबले. आयुष्यभर त्या पायांनी दोन थापांवर थांबायचं एवढंच शिकलं होतं. ते त्याला विचारायला आले नाहीत.

तो समोर बघत राहिला. लेक हळूहळू चालत होती, म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशा बेतानं, दर दोन पावलांनी थांबून. मान ताठ, नजर पुढे. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. बाहेरचा उजेड तिच्या टोपीवर पडला, मग खांद्यावर, मग खांद्यावरच्या त्या लहानशा हातावर.

हात उचलला गेला नाही.